पुढचा शब्द

शाळेत आई इंग्रजी शिकवायची ती सिनेमातल्या इंग्रजी गाण्यांवरून. टेप मध्येच थांबवायची. पुढचा शब्द मुलांनी सांगायचा. ज्याला येणार नाही, त्यानं बाई ‘बस’ म्हणेपर्यंत उभं राहायचं. पोटच्या लेकीलाही सूट नव्हती. तिनंही वर्गात ‘बाई’च म्हणायचं. आता आई माणसं विसरायला लागली, तेव्हा लेकीनं माळ्यावरचा टेप काढून तिचं लाडकं गाणं लावलं. आईची बोटं उशीवर ताल धरू लागली. लेकीच्या जिवात जीव आला. तिनं खटकन बटण दाबलं. “सांग बघू पुढचा शब्द!” आईचे ओठ हलले, थांबले. पलंगाची कड धरून ती लटपटत उभी राहिली. “अगं आई, पडशील! बस खाली.” “बाईंनी सांगितल्याशिवाय?” आई कुजबुजली. लेकीनं आवाज करडा केला. “मीच बाई. बस.” “चल, खोटारडे! बाई येऊ देत.” दोघी दाराकडे बघत उभ्या राहिल्या.