घरातला लोड

फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज पुन्हा गेली. लेक कॉम्प्युटर सोडून मीटरपाशी धावली. तिने खटका वर केला, तेव्हा कुठे पलीकडच्या खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र परत घरघरू लागलं. उशीला टेकलेल्या बाबांना बोलायला चांगला वेळ लागला.

"किती झालं होतं?"

"अर्ध्याच्या वर. पण राहू दे आता, बाबा. हे डबडं आईला काही पुरं काढत नाही."

"परत लाव, पोरी. मला तिला बघायचंय."

बाबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. गावातल्या झाडून सगळ्या दुकानदारांचे चेहरे त्यांनी काढले, बायकोचा तेवढा राहून गेला. तिला समोर बसायला सवड नसायची, आणि आता तीच नव्हती. लेकीने त्या पाट्यांचे फोटो दाखवून कॉम्प्युटरला बाबांचा हात शिकवला होता. त्याच हाताने आता आईचा फोटो रंगून निघणार होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणजे जे दाखवायचं ते आताच. परक्यांच्या मशीनवर आईचा चेहरा पाठवायचा नाही, हा बाबांचा हट्ट.

घरच्या मशीनचे नखरे मात्र फार. चित्र लहान काढलं तर कुरकूर नाही, पण बाबांच्या अधू डोळ्यांना ते दिसायचं नाही. मोठं काढायला घेतलं की ग्राफिक्स कार्ड अशी वीज ओढायचं की जुन्या वायरिंगला तो भार पेलायचा नाही. तिने फ्रिज बंद केला, दूध नासलं. पंखे, दिवे, पाण्याचा पंप, सगळं बंद केलं. बंद करण्यासारखं आता घरात काही उरलं नव्हतं. तिला रडू येत होतं.

तिने पुन्हा सुरू केलं. कार्डाचे पंखे घोंगावू लागले, तसं पलीकडचं काही ऐकू येईना. पण तिचा हिशेब साधा होता. आपला स्क्रीन चालू म्हणजे वीज आहे, आणि वीज आहे म्हणजे बाबांचं यंत्र चालू आहे. ती देव पाण्यात घालून बसली. चित्र अर्ध्याच्या पुढे सरकलं. आईच्या गालावर बाबांचा तो जाड, ठाम फटकारा उमटला. मग डोळे आले, आणि चित्र पुरं झालं. तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, झालं! या खेपेला वीज गेलीच नाही!"

कार्डाचे पंखे थांबले. पलीकडेही सामसूम होती. ती धावत गेली. यंत्राचं बटण बंद होतं आणि बाबांचा हात अजून त्या बटणावरच होता. छाती हलत नव्हती. चित्र बघायला म्हणून त्यांनी चष्मा लावून ठेवला होता.