पुसलेली लेबलं

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हेमांगीच्या हातून स्पिरिटची बाटली कलंडली आणि सशाच्या स्नायूंच्या चोवीस कुप्यांवरची शाई पुसून गेली. संथ स्नायू कोणता, चपळ कोणता, काहीच कळेना. रडवेली होऊन ती तिच्या मार्गदर्शक चाफेकर मॅडमकडे गेली.

"लेबलं गेली, स्नायू तर आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "त्यांनाच विचार."

तीन दिवस हेमांगी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसमोर बसली. प्रत्येक तंतूत प्रथिनांच्या आडव्या रेघा होत्या. काहींत जाड, काहींत बारीक. उभं राहताना शरीर तोलणाऱ्या संथ तंतूंत रेघ जाड असते, एवढं तिला पुस्तकातून माहीत होतं. आता डोळ्यांनी ओळखताना तिला मजा येऊ लागली.

कोणत्या कुपीत कोणता स्नायू, याची यादी तिने मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी एकेक झाकण उलटं करून आत कोरलेले नंबर आपल्या वहीशी ताडले.

"नंबर होते?" हेमांगी ओरडलीच.

"होते की! मुद्दाम सांगितलं नाही. चोवीसच्या चोवीस बरोबर! आता तोंडी परीक्षेत कोणीही काहीही विचारू दे."

हेमांगीला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं.