मधली खुर्ची

"थोरल्या वहिनी, जरा बाहेर सरका. अजून थोडं. हां, बास."

थोरली सरकली आणि मग तिने खाली पाहिलं. तिच्या आणि नणंदेच्या मध्ये वीतभर जागा मोकळी राहिली होती.

सात वर्षं एकाच मालिकेत थोरली सून असलेल्या बाईला वीतभर जागेचा अर्थ शिकवावा लागत नाही. गेल्या वर्षीच्या जाहिरातीच्या फोटोत मधला दीर असाच कडेला उभा होता. खांद्यावर कुणाचा हात नाही, चेहऱ्यावर निम्माच उजेड. महिन्याभरात त्याची गाडी दरीत गेली. त्याला गाडी चालवता येते हे तोवर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चॅनेलने नवा फोटोसुद्धा काढला नाही. जुन्याचीच कड कापली.

"एवढी जागा कशाला सोडलीय?" तिने विचारलं.

"तिथे वेळ छापायचीय," फोटोग्राफर म्हणाला.

"कुणाची?"

"मालिकेची हो. रोज रात्री आठ."

"वहिनी, फोटोच तर आहे," नणंद म्हणाली.

"मधल्यालाही मी हेच म्हणाले होते."

या मालिकेआधी ती तीन वर्षं फोनकडे बघत घरी बसली होती. आता वय बावन्न. पुढचा फोन येणार नाही, हे तिला माहीत होतं.

तिने फोटोग्राफरच्या नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. मधोमध उंच पाठीची खुर्ची, तिच्यात सासरे. सगळा उजेड तिथे, सगळ्यांचे हात तिच्या पाठीवर. तिथल्या माणसाला कापायचं तर चौघांचे हात तोडावे लागतील.

"बाबा, माझी कंबर धरलीय. मी बसू का जरा?"

सासऱ्यांनी एवढी वर्षं चहाचा कपही कधी कुणाला दिला नव्हता. पण चार मालिकांत मेलेला माणूस तो. लगबगीने उठला.

"बस, सूनबाई. अगदी सुखाने बस." आणि ते तिच्या जागी कडेला जाऊन उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच हसले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला आणि चॅनेलच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, खुर्चीत थोरल्या वहिनी बसल्यात. सासरे कडेला गेलेत... हो?... म्हणजे कुणीही चालेल?... बरं, बरं."

थोरलीने सुटकेचा श्वास सोडला. नणंदेचा हात तिने स्वतः ओढून आपल्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या खांद्यावर धाकटीचा. धाकटीचा हात बर्फासारखा गार होता.

"एसीमुळे," धाकटी म्हणाली.

फोटो निघाला.

"फस्क्लास! आता दुसरा. थोरल्या वहिनी, तुम्ही उठा आणि इकडे माझ्या मागे या. बाकी कुणी हलायचं नाही. हात आहेत तिथेच राहू देत."

कॅमेऱ्यामागून तिला सगळं नीट दिसलं. रिकाम्या खुर्चीवर सगळा उजेड, आणि तिच्या खांद्यांच्या उंचीवर अधांतरी हात.

"नजर खुर्चीकडे. डोळ्यांत थोडं पाणी."

सासऱ्यांना सगळ्यांच्या आधी जमलं.