दोषाची वाटणी

वाईच्या नाक्यावर बिनड्रायव्हरच्या बसने सात वर्षांच्या मृण्मयीला चिरडलं, त्या खटल्याचा आज निकाल होता. न्यायालयातल्या यंत्राने दोषाची वाटणी वाचून दाखवली. थोडा दोष बस बनवणाऱ्यांचा, थोडा रस्त्यावर पट्टे मारणाऱ्यांचा, थोडा त्या सकाळच्या धुक्याचा. शिक्षा व्हावी इतका दोष कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. शेवटी यंत्र म्हणालं, "थोडा आईचा. मुलीला गडद स्वेटर त्यांनी घातला होता."

सुलभा पिसाळ ताडकन उठल्या. "माझ्या पोरीला मारलं कुणी? एक नाव सांगा!"

"ताई, असं एक नाव आता नसतं," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

सुलभाताईंनी खुर्ची उचलली आणि यंत्राच्या पडद्यावर हाणली. काचांचा सडा पडला. पोलीस धावले. छतातल्या स्पीकरमधून यंत्र लगेच बोलू लागलं, "पडदा फुटल्याचा थोडा दोष पहारेकऱ्यांचा, थोडा खुर्ची बनवणाऱ्यांचा..."

"गप्प बस!" सुलभाताई कडाडल्या. "मी फोडला. एकटीने, जाणूनबुजून. सगळा दोष माझा. लिहा!"

त्या न्यायालयात कित्येक वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. पुढे काय करायचं, ते न्यायाधीशांना आठवेना.