बमरोलीच्या गच्चीवर

बायको, सरला, गेल्याचं कळलं तेव्हा धुडकू लूमच्या खात्यात मागावर होता. शेजारणीचा फोन आला. दिवाळीचा माल अजून निघायचा होता.

स्मशानात सरलाच्या मोठ्या भावाने, योगराजने, एवढंच विचारलं, "आधीपासून दुखत होतं का रे?"

"नाही. एकदमच झालं," धुडकू म्हणाला.

खरं तर ती दोन दिवस छाती धरून बसत होती. दवाखान्यात चला म्हणाली होती. "माल निघू दे, मग जाऊ," असं त्याने सांगितलं होतं. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर वर्षभर धुडकूने योगराजला तोंड दाखवलं नाही. या दिवाळीला मात्र योगराजच्या बायकोने, धनश्रीवहिनीने, फोन करून त्याला सुरतेतच बमरोलीला, आपल्या घरी बोलावलं. आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो गच्चीवर चढला. योगराज बोलणं टाकेल, कदाचित हातही उचलेल. उचलू दे. खोटं सांगितल्यापासून त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

वर गोपालही होता. तिघे एकाच गावचे, अमळनेरजवळचे. गोपाल बारडोलीच्या साखर कारखान्यात, वर्षातून एकदा दिसणारा.

"काय भो, डालड्याचा डबा आणला का?" गोपालने योगराजसमोर बसत विचारलं.

"तो तुझ्या डोक्यात पडला, तेव्हापासूनच तू असा आहेस," योगराज म्हणाला.

तिघेही हसले. गावाकडे योगराज सुतळी बॉम्बवर डबा पालथा घालायचा. डबा निंबाच्या वर जायचा. सरला आधी टाळ्या पिटायची आणि मग डबा शोधायला पळायची. लवंगीची माळही तीच सोडवायची, एकेक लवंगी सुटी करून. एक माळ चार दिवस पुरायची.

"अंधारात बरं दिसतं," म्हणत गोपालने गच्चीवरचा दिवा घालवला.

आणि खरंच, सगळी सुरत वर उडाली. पांडेसऱ्यापासून पार नदीपर्यंत आकाश फुलत होतं. एक फूल विझायच्या आत त्याच्या पोटातून दुसरं निघत होतं. हजीऱ्याकडच्या कारखान्यांच्या धुराड्यावरची रोजची ज्योत त्यात कुठे हरवली ते कळेना. लूम बंद होते, पायाखालची जमीन थरथरत नव्हती. धुडकूला वाटलं, एवढ्या वर्षांत आपण या गावात मान वर करून कधी पाहिलंच नाही.

खाली गल्लीत बॉम्ब फुटला. गोपाल ताडकन उठला आणि शिवी हासडून चकल्या आणायला खाली गेला. योगराज जागचा हलला नाही. छत्तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस.

धुडकूने वर बघतच तोंड उघडलं. योगराजकडे बघायची हिंमत नव्हती.

"योगराज, मी खोटं बोललो. ती दोन दिवस सांगत होती. मीच नेलं नाही. माल निघू दे म्हटलं."

आकाशात हिरवं झाड उगवलं आणि झडलं. धुडकूला हुंदका आवरेना.

मग पाठीवर हात पडला.

"रडू नको रे," योगराज म्हणाला. "वर बघ. सरला असती तर टाळ्या पिटल्या असत्या तिने."

धुडकूने वर पाहिलं. इतका मोठा माणूस आपण कधी ओळखलाच नाही, असं त्याला वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. सगळं आकाश आपल्यासाठीच उजळलंय, असं वाटून तो लहान पोरासारखा बघत राहिला.

धनश्रीवहिनी ताट घेऊन वर आली. तिने दिवा लावला, वळसा घालून योगराजच्या समोर उभी राहिली आणि नुसते ओठ हलवले. तो "हो, येतो" म्हणाला.

"भाऊजी, यांनी तुम्हाला सांगितलं का?" तिने धुडकूला विचारलं. "श्रावणापासून कान पार गेलेत. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. उजेडात तोंडाकडे बघून कळतं, तेवढंच."

योगराज चकली मोडून खात होता. त्याला सांगायचं अजून राहिलंच होतं.