हात वर होता

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात उंच उडून आलेला चेंडू लाइल शॉटच्या हातून दुसऱ्यांदा निसटला. नशिबाने त्याच्याच संघातल्या एका गड्याने तो अंगाखाली घेतला, म्हणून निभावलं. कडेला उभ्या असलेल्या कोच ड्वेन केलरनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

पाच मिनिटं उरली, तेव्हा आघाडी फक्त चार गुणांची होती. समोरचा संघ पुन्हा अडला होता, पुढे सरकता येत नव्हतं. आता ते लाथेने तसाच उंच चेंडू उडवणार आणि कुणाला तरी त्याच्याखाली उभं राहावं लागणार.

"बरेराला पाठव," केलरांचा मदतनीस म्हातारा एब ड्रायर म्हणाला. "त्याच्या हातून आजवर काही सुटलंय का?"

"तो हे काम करत नाही."

"करत नाही, कारण तू करू देत नाहीस, ड्वेन. नुसता झेल तर घ्यायचाय."

टावियो बरेरा संघाचा हुकमी गडी. राज्याच्या विद्यापीठाने त्याला खेळावर जागा देऊ केली होती, पोराचे पाय शाबूत राहिले तर. त्याची आई रोसाल्बा बीटच्या साखर कारखान्यातली पाळी बदलून घेऊन प्रत्येक सामन्याला यायची. उडालेल्या चेंडूखाली उभं राहायचं म्हणजे नजर आभाळाकडे, आणि समोरून दहा जण जीव खाऊन धावत येतायत. केलरनी त्याला तीन वर्षं या कामापासून लांब ठेवलं होतं. सरावात बाकीचे असले झेल घेत, तेव्हाही त्याला बाकावर बसवलेलं असे. पोरं त्याला काचसामान म्हणत.

"काय काचसामान, आज फडताळातून काढलं वाटतं?" टावियो हेल्मेट चढवत होता, तेव्हा कुणीतरी म्हणालंच.

"धूळसुद्धा पुसलीये," टावियो म्हणाला.

केलरनी त्याला जवळ ओढलं. "पळायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही. हात वर करायचा, झेल घ्यायचा, थांबायचं. हात वर दिसला की ते तुला शिवणार नाहीत. तसा नियमच आहे."

"हात वर. झेल. बस्स."

"बस्स."

मैदानातून परत येताना लाइल त्याच्यापाशी क्षणभर थांबला. "चेंडू उन्हातून येतो रे. लवकर हेर."

नोव्हेंबरचं ऊन कारखान्याच्या धुराड्याशी टेकलं होतं. चेंडू उडाला आणि त्या उजेडात दिसेनासा झाला. टावियोने मान वर केली, मग उजवा हात वर केला. सरळ, स्थिर. केलरांच्या गणिताच्या तासाला उत्तर येत असलं की तो असाच हात वर करून वाट बघत असे.

समोरून येणारे दोघे थांबले नाहीत.

चेंडू आणि ते एकदमच पोचले. चेंडू त्याच्या हातून सुटला नाही. डावा पाय मात्र गुडघ्यापासून असा वळला, की जवळच्या पोराने तोंड फिरवलं.

रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांतले सगळे गडी जिथे होते तिथे एक गुडघा टेकून बसले. प्रेक्षकांचा आवाज बंद झाला. रोसाल्बा पायऱ्या उतरून कुंपणापाशी आली आणि तिथे थांबली. कोचने बोलावल्याशिवाय आईबापांनी आत यायचं नसतं.

केलर पळतच पंचांपाशी गेले. "हात वर होता त्याचा. सगळ्यांनी पाहिलंय."

"वर होता, कोच." पंच वयस्कर होता, हळू बोलत होता. "हलवला नाही त्याने. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून धरलाय असं वाटलं मला. त्या पोरांनाही तसंच वाटलं असणार. नियम तुम्हाला माहीत आहे, हात हलवला तरच ती खूण."

केलरना नियम माहीत होता. दर ऑगस्टमध्ये, सरावाच्या पहिल्याच दिवशी ते तो पोरांना शिकवत. जी पोरं हे काम करणार असत, तेवढ्यांनाच.

ते टावियोपाशी जाऊन गवतात बसले. डॉक्टर पायाला फळी बांधत होते. चेंडू अजून टावियोच्या पोटाशी होता.

"सुटला नाही, कोच."

"नाही सुटला."

"मी पळालो पण नाही."

"नाही पळालास, पोरा."

टावियोचे ओठ पांढरे पडले होते. "हात पण वर केला होता. तुम्ही सांगितलात तसा. मग ते थांबले का नाहीत?"

बावीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या केलरनी पोराचा प्रश्न कधी टाळला नव्हता. आताही त्यांनी आपला हात डोक्यावर पूर्ण ताणला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश हलवला. पहिल्या दिवशी नवख्या पोरांना दाखवत तसा.

टावियो त्या हाताकडे बघत राहिला.

कुंपणाजवळ रोसाल्बाच्या शेजारची बाई म्हणाली, "बघ, कोच हात हलवतायत. बरा आहे गं तो." मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या वरच्या रांगेपर्यंत चढत गेल्या.

रोसाल्बाने डोळे पुसले. मग तिनेही हात उंच केला आणि हलवला.