उलटा नातू

"सिनेमात अश्शाच बायका येतात आणि पोर उचलून नेतात," दारातल्या पोलीसबाईकडे बघत सून कुजबुजली. माझी पाचावर धारण बसली.

अमेरिकेत येऊन आमच्या हिने आंघोळीनंतर नातवाला पाय धरून उलटं लटकवलं होतं, अंग मोकळं व्हायला. शेजारणीने पाहिलं आणि पोलीस बोलावले.

पोलीसबाई म्हणाली, "पुन्हा करून दाखवा."

"आई, बाळ रडलं तर संपलं सगळं!" मुलगा म्हणाला.

"गप रे, तुलाही असंच लटकवलंय." हिने बाळाला पाय धरून उचललं.

बाळाने तोंड वाकडं केलं. मी झटकन जमिनीवर लोळलो, जीभ काढली, डोळे फिरवले. कार्टं खिदळलं! पोलीसबाईही हसत निघून गेली.

हिने बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं. "उद्यापासून तूच आंघोळ घाल बाई. माझे हात कापतायत."